आजीलाच विचारा



आज एकाच विषयावर बोलणार आहे. साठी ओलांडलेल्या बाईच्या मनाकडे आपलं, म्हणजे डॉक्टरांचं आणि समुपदेशकांचंच, होणारं दुर्लक्ष.

ओपीडीतलं रोजचं दृश्य डोळ्यांसमोर आणा. आजी स्टुलावर, मुलगा मागे उभा. आपण मुलाला विचारतो, "काय होतंय यांना?" तो सांगतो, झोप नाही, जेवण तुटलंय, चिडचिड करते. आजी पदराचं टोक बोटाला गुंडाळत ऐकत असतात. त्यांच्याकडे वळलोच तर म्हणतात, "अंग मोडून येतं हो. छातीत धडधडतं. कशात जीव रमत नाही." मुलगा म्हणतो, "वय झालंय आता." आपण मान डोलावतो आणि झोपेची गोळी लिहून देतो.

घर भरलेलं, नातवंडं गुणी, मुलगा बघतोय. अशा बाईने आपण आतून खचलोय हे कुठल्या तोंडाने सांगायचं? म्हणून ती गुडघ्याचं सांगते, धडधडीचं सांगते. देशातल्या ४५ वर्षांवरील लोकांची 'लासी' ही मोठी पाहणी २०१७-१८मध्ये झाली. तीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांमध्ये लक्षणांवरून नैराश्य आढळलं. डॉक्टरांनी तसं निदान केल्याचं सांगणारे होते अवघे ०.८ टक्के. म्हणजे दहापट तफावत. त्यातही बायकांमधलं नैराश्य पुरुषांपेक्षा जास्त. ही तफावत आपल्या टेबलासमोर तयार होते.

झोपेच्या गोळीची मला फार भीती वाटते. रात्री लघवीला उठलेली बाई तोल जाऊन पडते, खुब्याचं हाड मोडतं, आणि एकदा अंथरुणाला खिळली की भजनी मंडळ, देऊळ, शेजारपाजार सगळंच सुटतं. ऐकू कमी येऊ लागलं तरी तेच होतं: बाई चारचौघांत गप्प बसू लागते आणि घरचे म्हणतात, विसरायला लागली. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण हाताळता येण्याजोग्या गोष्टींत बहिरेपण आणि एकटेपण दोन्ही धरलेत. थायरॉइड आणि बी-१२ आपण तपासतो, तसे कानही तपासून घ्यायला हवेत.

दवाखान्याबाहेर काय घडतं तेही आपल्याला ठाऊक हवं. नवरा गेला की हळदीकुंकवाची बोलावणी थांबतात. लग्नाकार्यात कुणी न सांगता ती मागच्या रांगेत जाऊन बसते. बायका जगतातही जास्त आणि नवऱ्यापेक्षा वयाने लहानही असतात, त्यामुळे उतारवयातलं वैधव्य मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येतं. माणसांची सर्वांत जास्त गरज असते, नेमकी तेव्हाच माणसं तुटतात. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात शासनाने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही तसं आवाहन केलं. मी तो ठराव मानसिक आरोग्याचाच कार्यक्रम मानते.

दुसरं उदाहरण झिम्बाब्वेचं. तिथे मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६मध्ये हरारे शहरातल्या म्बारे वस्तीत १४ आज्यांना प्रशिक्षण दिलं. दवाखान्याच्या आवारातल्या बाकावर बसून आजी समोरच्याचं ऐकते, त्याच्या अडचणींतली एक निवडायला लावते, तिच्यातून वाट काढायला मदत करते. ५७३ रुग्णांवरची चाचणी २०१६मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी बाकावर आलेल्यांची लक्षणं इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी होती.

मला याचं मोल वाटतं ते वेगळ्याच कारणाने. तिथे आजी उपचार करणारी आहे. आपल्याकडे "तुम्ही बसा हो आता" म्हणून तिला स्वयंपाकघरातून उठवतात. हेतू चांगला असतो, पण मिठाचा अंदाज विचारायलाही मग कुणी तिच्याकडे येत नाही. टीव्ही, सहली, विरंगुळा केंद्र हे सगळं हवंच. त्याने दिवस जातो. आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, ही भावना त्यातून मिळत नाही. 'लोकांत मिसळा' एवढा सल्ला देऊन म्हणूनच भागणार नाही.

उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी ठराव मांडणार आहे. साठीपुढच्या प्रत्येक स्त्री रुग्णाशी पहिली पाच मिनिटं एकटीशी बोलायचं, नातेवाईक बाहेर थांबतील. ज्येष्ठांसाठीची नैराश्याची १५ प्रश्नांची चाचणी अहिराणी, वऱ्हाडी, मालवणीतही करून ती पडताळून घ्यायची. 'टेलिमानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक औषधाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत छापायचा. आणि प्रत्येक जिल्ह्यात निदान एका प्राथमिक आरोग्य केंद्रात आज्यांना प्रशिक्षण देऊन बाक सुरू करायचा. त्यांना मानधन द्यायचं, कारण ते काम आहे. मसुदा नोंदणीच्या टेबलावर ठेवला आहे. दुरुस्त्या आज संध्याकाळपर्यंत लेखी द्याव्यात.