बंपर ड्रॉवरसारखा बाहेर आला तेव्हा

(या भागाचं लिखित रूप. ऐकायला वेळ नसेल तर वाचा, वाचायचा कंटाळा असेल तर ऐका.)

लोकलमध्ये असाल, जिममध्ये असाल किंवा ऑफिसात काम करतोय असं दाखवत असाल, तर स्वागत आहे.

आजचा विषय जरा विचित्र आहे. गाडीचा एक असा पार्ट, जो ३७ वर्षं काहीच करत नाही. नुसता बसून असतो. आणि तो खराब झालाय हे तुम्हाला कळतं ते बरोबर त्याची गरज पडते त्या दिवशी.

माझी ओळख नव्या श्रोत्यांसाठी पटकन सांगतो. मी बीटेक, कॉम्प्युटरवाला, न्यू जर्सीत नोकरी करतो. दिवसभर कोड लिहायचा आणि वीकेंडला हात काळे करायचे. गाडी आहे १९८७ ची पोर्शे ९४४. नाव ऐकून 'वा, पोर्शे!' म्हणू नका. ही पोर्शे घराण्यातली गरीब नातेवाईक. १९८२ ते १९९१ या काळात बनली. पुढे अडीच लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, गिअरबॉक्स मागे, आणि हेडलाइट बटण दाबलं की बेडकाच्या डोळ्यांसारखे वर येतात. त्या डोळ्यांवर भाळूनच मी ती घेतली.

९४४ घेतली की सगळे एकच विचारतात, टायमिंग बेल्ट बदलला का? बरोबरच आहे. तो तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिनाची वाट लागते. मी तो पहिल्याच महिन्यात बदलला. बंपरचं मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही.

मग एका शनिवारी किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी लावताना पुढच्या खांबाला टेकली. धडकली नाही हं, टेकली. माणूस चालतो त्याहून हळू. 'टक्' असा आवाज. मी उतरून बघतो तर बंपरची डावी बाजू बोटभर आत गेलेली आणि तिथेच राहिलेली. मी हातानं ओढली, तर बाहेर आली. आरामात, ड्रॉवर उघडावा तशी. गुडघ्यानं ढकलली, परत आत. मला आधी हसू आलं. मग वाकून बघितलं, तर आतल्या नळीवर तेलाचा जुना, धूळ बसून काळा झालेला ओघळ होता.

तो होता बंपरचा शॉकअप. हो, चाकाला असतो तसाच, पण आडवा. बंपर आणि चॅसी यांच्या मध्ये, डावीकडे एक, उजवीकडे एक.

हा इथे आला कसा, ती गोष्ट मजेशीर आहे. अमेरिकेत १९७३ च्या मॉडेलपासून एक नियम लागू झाला, फेडरल मोटर व्हेइकल सेफ्टी स्टँडर्ड २१५. गाडी ताशी ५ मैलांनी, म्हणजे साधारण ८ किलोमीटरनी, समोर आपटली तरी हेडलाइट, इंधनाची टाकी वगैरे सुरक्षेचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. स्पोर्ट्स कारवाल्यांची पंचाईत झाली. त्यांचे बंपर म्हणजे क्रोमची नाजूक पट्टी! कुणी काळे रबरी ओठ लावले, ब्रिटिश एमजीबीचा चेहराच त्यात बदलला. १९७४ च्या पोर्शे ९११ ला जाड बंपर आले आणि त्यांच्या कडेला हार्मोनियमच्या भात्यासारखं घडीचं रबर. तो भाता शोभेसाठी नाही. बंपर आत जाणार, परत बाहेर येणार, म्हणून ती जागा. १९८२ मध्ये सरकारनं ती अट ताशी अडीच मैलांवर आणली, पण माझ्या गाडीत शॉकअप राहिलेच.

आता हा काम कसं करतो? एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या. आत तेल आणि दाबाखाली भरलेला गॅस. धडक बसली की तेलाला एका बारीक भोकातून जावं लागतं. जितक्या जोरात ढकलाल तितकं ते अडतं. धडकेची ऊर्जा तेल तापवण्यात खर्च होते. मग गॅस नळीला परत बाहेर ढकलतो आणि बंपर जागेवर. माझ्या डाव्या शॉकअपमधलं तेलही गेलं होतं आणि गॅसही. उरल्या होत्या दोन रिकाम्या नळ्या.

दोन पर्याय होते. एक, दुसरे शॉकअप शोधायचे. दोन, शॉकअप काढून तिथे अ‍ॅल्युमिनियमची सरळ, घट्ट नळी लावायची. दुसरा पर्याय हलका, स्वस्त, एका दुपारचं काम. बरेच जण तेच करतात. खरं सांगतो, मी नळ्या कार्टमध्ये टाकल्या होत्या.

मग बसून हिशोब केला. माझ्यासकट गाडी १,३०० किलो धरा. ताशी ८ किलोमीटरला तिच्यात साधारण ३,२०० ज्यूल ऊर्जा असते. ही ऊर्जा शॉकअपनं ५ सेंटिमीटरमध्ये जिरवली, तर सरासरी साडेसहा टनांचा जोर येतो. दोन बाजूंना वाटला तर प्रत्येकी सव्वातीन टन. आता तीच गाडी घट्ट नळीवर ५ मिलिमीटरमध्ये थांबवा. कागदावर जोर दहापट, ६५ टन! खऱ्या आयुष्यात तो आकडा येत नाही, कारण त्याआधी काहीतरी वाकतं. प्रश्न एवढाच, की काय वाकतं? नळी वाकली नाही तर चॅसीची दांडी वाकते. बंपर बदलता येतो. १९८७ च्या गाडीची वाकलेली दांडी सरळ करायची म्हणजे गाडी विकायचीच वेळ. कार्ट रिकामी केली.

नवे शॉकअप खिशाला झेपणारे नव्हते. भंगारात निघालेल्या एका ९४४ मधून जोडी मिळाली. दोन्ही का, एकच का नाही? एक बाजू नवीन आणि एक थकलेली असेल तर धडक वाकडी जिरते. शिवाय माझा उजवा काम करत होता खरा, पण त्याच्याही तोंडाशी तेलाची ओल दिसायला लागली होती.

आमच्या अपार्टमेंटच्या आवारात गाडी खोलायला परवानगी नाही, म्हणून मित्राच्या गॅरेजात गेलो. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. इंडिकेटर बंपरमध्येच असतात, त्यांचे कनेक्टर सोडवले. काढण्याआधी बंपर आणि मडगार्डमधली फट दोन्ही बाजूंनी मोजून टेपवर लिहून ठेवली. डावी बाजू अर्ध्या तासात सुटली. उजव्या बाजूचा एक बोल्ट मात्र हलेना. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्यानं लोखंड असं गंजतं की नट आणि बोल्ट एकच होऊन जातात.

मित्राकडे गॅसची टॉर्च होती. गंजलेला नट तापवला की सुटतो, हे सगळ्यांना माहीत असतं. मी टॉर्च पेटवली आणि दुसऱ्या हातानं सांगलीला मामांना व्हिडिओ कॉल लावला. त्यांचं तिकडे गॅरेज आहे. खरं कारण सांगू? मला शायनिंग मारायची होती. बघा मामा, भाचा काय करतोय!

मामांनी पाच सेकंद बघितलं आणि म्हणाले, "आधी ते विझव."

मी म्हटलं, "का हो मामा?"

"विझव म्हटलं ना! हा बाजूचा शॉकअप चांगला आहे म्हणतोस?"

"हो."

"म्हणजे आत दाब आहे. बाईकच्या गॅसवाल्या शॉकअपला आम्ही आग दाखवत नाही, आणि तू ह्या लोखंडी बंद डब्याच्या तोंडासमोर मांडी घालून बसलायस?"

मी टॉर्च बंद केली. हात जरा थरथरत होते. नंतर वाचलं तेव्हा कळलं, की अमेरिकेत अग्निशमन दलाच्या जवानांना शिकवतात, पेटलेल्या गाडीच्या बंपरसमोर सरळ उभं राहू नका. आतला शॉकअप तापून फुटला तर बंपर गोळीसारखा सुटू शकतो. दोन वर्षं ही गाडी माझ्याकडे होती. बेल्टवर मी चार व्हिडिओ बघितले होते. ह्याच्यावर एकही नाही.

बोल्ट शेवटी आगीशिवायच सुटला. तारेच्या ब्रशनं घासला, आठवडाभर रोज संध्याकाळी जाऊन गंज सोडवणारं तेल मारलं. पुढच्या शनिवारी पान्याला लांब पाइप लावला, आधी किंचित आवळला, मग सोडवला. 'कटाक्' आवाज झाला. मला वाटलं तुटला. पण सुटला होता! फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब मी मित्राकडून घासून घेतला होता. तिथले सर आज भेटले तर माफी मागेन.

बसवायला दोघं लागतात. एकानं बंपर धरायचा, दुसऱ्यानं बोल्ट हातानं अडकवायचे. लगेच आवळायचे नाहीत. टेपवरची मापं बघून फट जुळवायची, मग आवळायचे.

आणि मग टेस्ट. गाडी भिंतीकडे तोंड करून लावली, हँडब्रेक ओढला. भिंत आणि बंपर यांच्यामध्ये, शॉकअपच्या अगदी समोर, लाकडाचा ठोकळा आणि स्क्रूचा जॅक आडवा लावला. बाजूला उभं राहून हळूहळू फिरवत बंपर सेंटिमीटरभर आत दाबला. मग जॅक सैल केला. बंपर जॅकच्या मागोमाग बाहेर आला, पूर्ण, पहिल्या खुणेपर्यंत. दुसरी बाजूही तशीच. मित्र म्हणाला, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

तुमच्यापैकी फार कमी जणांकडे ९४४ असेल. पण एक गोष्ट पुण्या-मुंबईतल्या श्रोत्यांसाठीही आहे. गाडी घेतली की पुढे लोखंडी गार्ड लावायची आपल्याला हौस. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना अशा गार्डवर कारवाई करायला सांगितलं, तेव्हा घरोघरी चिडचिड झाली. गणित मात्र माझ्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीचंच आहे. गार्ड वाकत नाही, म्हणून धक्का मागे चॅसीत जातो, आणि समोर पायी चालणारा माणूस असेल तर त्याच्यात.

तर जुनी गाडी घेणाऱ्यांनो, तीन गोष्टी लक्षात ठेवा. बंपर गुडघ्यानं ढकलून बघा, सहज आत गेला तर शॉकअप संपलाय. नळीवर ताज्या तेलाचा ओघळ असेल तर तो संपत आलाय. आणि त्याला आग, ड्रिल, वेल्डिंग काहीही लावू नका. जुना भंगारात देताना 'आत गॅस आहे' हे तोंडानं सांगा. मी माझ्या जुन्यांवर मराठी आणि इंग्रजीत मार्करनं लिहूनच दिलं.

मामांना जॅकच्या टेस्टचा व्हिडिओ पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "बरं. आता मागचे बघ."

मागचे मी अजून बघितलेले नाहीत. या शनिवारी बघतो. पुढच्या भागात सांगतो काय निघालं ते. तोपर्यंत हा भाग तुमच्या त्या एका गाडीवेड्या मित्राला पाठवा.