विहारातील सल्लाकेंद्र आणि आपली जबाबदारी

(विहारातील साहाय्य व सल्लाकेंद्राच्या स्वयंसेवकांपुढे केलेले भाषण)

दर रविवारी वंदना आटोपली की विहाराच्या ओसरीवर दोन टेबले मांडली जातात आणि दुपार टळेपर्यंत माणसे आपापले कागद सांभाळीत तेथे बसून असतात. शिक्षक, कारकून, निवृत्त परिचारिका, महाविद्यालयीन विद्यार्थी असे तुम्ही सारे हे काम एक पैसाही न घेता करीत आहात. त्याबद्दल तुमचे अभिनंदन करणे हे माझे कर्तव्यच आहे. परंतु आज मला मुख्यतः एका चुकीविषयी बोलावयाचे आहे, कारण ती चूक माझी स्वतःची आहे.

दोन वर्षांपूर्वी एक शेतमजूर भगिनी आपल्याकडे आली. थकलेली मजुरी मागितली म्हणून मालकाने तिला चारचौघांत जातीवरून शिवीगाळ केली होती. गावात तेढ वाढू नये या सद्भावनेने आपण समेटाची बैठक बोलाविली, आणि तीस मी संमती दिली. बैठका होत राहिल्या, अकरा दिवस गेले, आणि समेट तर झालाच नाही. पुढे खटला उभा राहिला तेव्हा बचावाच्या वकिलांचा पहिला प्रश्न हाच होता की, बाई, अकरा दिवस तुम्ही काय करीत होता? मी मागच्या बाकावर बसलो होतो. तिने वळून माझ्याकडे पाहिले. त्या खटल्याचा निकाल अद्याप लागावयाचा आहे. केवळ विलंबाने खरी फिर्याद खोटी ठरत नाही हे खरे. परंतु संशयाचे ते हत्यार आपणच विरुद्ध पक्षाच्या हाती दिले, हेही तितकेच खरे.

यावरून आपण पहिला नियम घ्यावा. अत्याचाराच्या प्रकरणी सल्लाकेंद्राने पंच होऊ नये. 1989 चा अत्याचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकावर स्पष्ट कर्तव्ये टाकतो. तोंडी दिलेली खबर लिहून घेतल्यावर ती सही घेण्यापूर्वी खबर देणारास वाचून दाखविली पाहिजे, योग्य कलमांखाली नोंदविली पाहिजे आणि तिची प्रत दिली पाहिजे. ठाण्यात नोंद नाकारली, तर 1 जुलै 2024 पासून अंमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार ती खबर लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे धाडता येते, आणि तेथेही दाद न लागल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. आपले काम एवढेच की, पीडिताचे म्हणणे त्याच्याच शब्दांत लिहावे, तारीख घालावी आणि त्याच दिवशी त्याच्यासोबत ठाण्याची पायरी चढावी.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. आपले अनेक तरुण विचारतात, आम्ही 1956 च्या धम्मदीक्षेची लेकरे, मग दाखल्यावर जुनी जात का लिहावी? त्यांचा हा स्वाभिमान मला समजतो. परंतु इतिहास ध्यानी घ्या. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाने ही सवलत प्रथम मुख्यत्वे हिंदूंपुरती ठेवली. 1956 मध्ये शिखांचा आणि 1990 मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. म्हणजे दीक्षा घेतलेल्या पिढीस केंद्र सरकारच्या सवलतींसाठी चौतीस वर्षे वाट पाहावी लागली. एवढ्या प्रयासाने मिळालेला हक्क एका रकान्यातील घोटाळ्याने जाऊ देऊ नये. धर्माच्या रकान्यात बौद्ध निःसंकोच लिहावे. जातीचा उल्लेख हा आपल्या पूर्वजांवर झालेल्या अन्यायाचा पुरावा आहे, ती आपली ओळख नव्हे. आणि कोणाचेही मूळ कागद आपल्याजवळ ठेवून घेऊ नका. नक्कल घ्या, वहीत नोंद करा, मूळ कागद तेथेच परत द्या.

तिसरी गोष्ट आपल्या मर्यादेची. आपण वकील नाही आणि वकिलीचा आव आणू नये. 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 नुसार अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, स्त्रिया, बालके, अपंग, औद्योगिक कामगार व कोठडीतील व्यक्ती यांना मोफत विधी सेवेचा हक्क आहे; त्यांना उत्पन्नाची अट नाही. ही भीक नसून हक्क आहे, हे सांगून माणसाला तालुका समितीच्या कार्यालयापर्यंत पोहोचविणे, हेच आपले मोठे काम होय.

शेवटी एका वादाविषयी. हे केंद्र केवळ बौद्धांसाठी असावे, असे काही बांधवांचे म्हणणे आहे. मला ते मान्य नाही. परमपूज्य बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, ती एका जातीची सभा नव्हती. बहिष्कृत म्हणून जो जो दाराबाहेर ठेवला गेला होता, त्याचे गाऱ्हाणे मांडणे हे तिचे काम होते. आज आपल्या ओसरीवर मातंग बांधव येतो, आदिवासी भगिनी येते, मुसलमान विधवा येते. त्यांना जात-धर्म विचारून परत पाठविले, तर ज्या व्यवस्थेतून आपण बाहेर पडलो, तीच आपण विहारात आणून बसविली असे होईल. करुणा हा आपल्या धम्माचा पाया आहे. तिचा अर्थ केवळ हळहळणे नसून, समोरच्या माणसाचे काम वेळेवर आणि नीट करणे हा आहे.

तेव्हा येत्या रविवारपासून टेबलावर एक वही असावी: तारीख, तक्रार, दिलेला सल्ला आणि पुढचा दिवस. तिच्या पहिल्या पानावर त्या अकरा दिवसांची नोंद मी स्वतः माझ्या सहीने करणार आहे.

जयभीम! नमो बुद्धाय!