टपालाचा सर्व्हर आणि पत्त्यांची नोंदवही

पुण्याहून जयपूरच्या बनी पार्क भागात पत्र पाठवायचे झाले, तर पाकिटावर ३०२०१६ हा पिनकोड लिहावा लागतो. ह्यातील ३ हा आकडा पत्र राजस्थान-गुजरातच्या विभागाकडे वळवतो, ३०२ मुळे ते जयपूरला पोहोचते आणि शेवटचे तीन आकडे वाटपाचे टपाल कार्यालय दाखवतात. १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झालेल्या ह्या पद्धतीचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ होते. संस्कृत कवी म्हणूनही त्यांची ख्याती होती. तथापि पिनकोडचे काम कार्यालयाच्या दारापर्यंतच असते. पुढे कोणत्या घरी कोण राहते, हे पोस्टमनलाच ठाऊक असावे लागते.

ई-मेलच्या पत्त्याचेही असेच दोन भाग असतात. ‘अ‍ॅट’ ह्या चिन्हाच्या उजवीकडील डोमेन पत्राला योग्य सर्व्हरपर्यंत नेते. डावीकडील नाव कोणाचे, हे फक्त त्या सर्व्हरनेच ठरवायचे असते. आजच्या व्याख्यानाचा विषय ह्या दुसऱ्या भागापुरता मर्यादित आहे.

बनी पार्कात जिल्हाधिकारी कचेरी आहे. तेथील वकिलांच्या एखाद्या कार्यालयाने, पक्षकारांचा पत्रव्यवहार परक्या कंपनीकडे नसावा म्हणून, स्वतःचा मेल सर्व्हर उभारला अशी कल्पना करावी. पत्र स्वीकारण्यासाठी पोस्टफिक्स ही प्रणाली घेतली. वीत्से वेनेमा ह्यांनी आयबीएममध्ये असताना ती लिहिली आणि १९९८ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. आलेले पत्र वाचकाच्या हाती देण्यासाठी तिमो सिराइनेन ह्यांची २००२ मधील डव्हकॉट ही प्रणाली घेतली. दहा-वीस पत्ते असतील, तर ते एका साध्या फाइलीत लिहून ठेवले तरी भागते. परंतु माणसे येऊ-जाऊ लागली, डोमेन वाढली, म्हणजे एकच यादी चार ठिकाणी लिहिली जाते आणि चारही ठिकाणी वेगवेगळी होते. म्हणून यादी डेटाबेसमध्ये एकदाच ठेवावी आणि दोन्ही प्रणालींनी तेथेच विचारणा करावी, हा मार्ग श्रेयस्कर ठरतो.

पोस्टफिक्स डेटाबेसला मुख्यतः तीन प्रश्न विचारते. हे डोमेन आपले आहे काय? ह्या नावाची पेटी आहे काय, आणि असल्यास कोठे? हा पत्ता दुसऱ्या पत्त्याकडे वळवायचा आहे काय? प्रत्येक प्रश्नासाठी एक लहानशी फाइल लिहावी लागते. तीत डेटाबेसचे नाव, प्रवेशाचा शब्द आणि प्रश्नाचे वाक्य असते. पत्त्याच्या जागी वाक्यात एक खूण ठेवलेली असते आणि दर वेळी आलेला पत्ता तेथे बसवला जातो. डव्हकॉट त्याच तक्त्यातून पासवर्ड पडताळते. तो मूळ रूपात न ठेवता, ज्यावरून मूळ शब्द उलगडता येत नाही अशा हॅश रूपातच ठेवायचा असतो. ह्या विचारणांसाठी डेटाबेसमध्ये केवळ वाचण्याचा अधिकार द्यावा. घर शोधणाऱ्या पोस्टमनला नोंदवहीत खाडाखोड करण्याचे कारण नसते.

येथपर्यंतचे काम सोपे आहे. खरी कसोटी उत्तरांत आहे. पोस्टमन परत आलेल्या पाकिटावर ‘दार बंद’ असा शेरा मारतो, किंवा ‘अशी व्यक्ती येथे राहत नाही’ असा. पहिल्या शेऱ्यानंतर तो पुन्हा फेरी मारतो, तर दुसऱ्यानंतर पत्र पाठवणाऱ्याकडे परत जाते. मेल सर्व्हरही हाच भेद पाळतो. डेटाबेस बंद असला, तर पोस्टफिक्स ४५१ हा तात्पुरत्या अडचणीचा संकेत देते आणि पाठवणारा सर्व्हर साधारणतः चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पत्ता तक्त्यात नसला, तर ५५० हा कायमच्या नकाराचा संकेत जातो आणि विषय तेथेच संपतो.

धोका आहे तो ह्या दोहोंच्या मध्ये. डेटाबेस चालू आहे, परंतु नव्या यंत्रावर हलवताना तक्ता अजून भरलेला नाही. किंवा प्रश्नाच्या वाक्यातील एक अट चुकली आहे. अशा वेळी उत्तर रिकामे येते. संगणकाच्या लेखी ही चूक नव्हे. तो प्रामाणिकपणे ‘नाही’ असेच समजतो. बंद पडलेला डेटाबेस पत्राला उशीर करतो. रिकामा तक्ता मात्र ते गमावतो. सुनावणीच्या तारखेची सूचना अशी परत गेली, तर पक्षकाराची हानी होते आणि कार्यालयाला त्याचा पत्ताही नसतो.

ह्यावर उपाय साधे आहेत. तक्त्याला हात लावण्यापूर्वी टपाल स्वीकारणे थांबवावे. जुळणीच्या काळात पोस्टफिक्समधील ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवावे, म्हणजे कायमचे नकारही तात्पुरते होतात. पोस्टमॅप ह्या आज्ञेने प्रत्येक प्रश्न हाताने विचारून पाहावा. एकदा असलेल्या पत्त्यासाठी आणि एकदा नसलेल्या पत्त्यासाठी. दोन्ही उत्तरे बरोबर आल्यावरच सॉफ्ट बाउन्स बंद करावे.

जयपूरशी निगडित आणखी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. डिसेंबर २०१७ मध्ये राजस्थान शासनाने नागरिकांसाठी हिंदी ई-मेल पत्त्यांची योजना जाहीर केली. त्यांचे डोमेन ‘राजस्थान.भारत’ असे होते आणि तंत्र जयपूरच्याच एका कंपनीचे होते. पोस्टफिक्सनेही २०१५ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून अशा पत्त्यांना वाट मोकळी केली होती. परंतु देवनागरी नोंदवहीत एक पेच आहे. ‘कऱ्हाडकर’ ह्या नावातील ‘ऱ’ एका स्वतंत्र संकेतांकाने लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता अशा दोन संकेतांकांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात. डेटाबेसला ती दोन वेगळी नावे वाटू शकतात. म्हणून नोंद करताना आणि शोधताना अक्षराचे एकच रूप ठरवून घ्यावे लागते. नाही तर तक्ता भरलेला असूनही कऱ्हाडकरांना ‘येथे राहत नाहीत’ हेच उत्तर मिळेल.

स्वतःचे टपाल स्वतः सांभाळणाऱ्याने एवढे ध्यानी ठेवावे, की ‘ठाऊक नाही’ असे म्हणणारा सर्व्हर पत्र वाचवतो. ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार त्याला नोंदवही पडताळून झाल्यावरच द्यावा.