हलव्याचे दागिने आणि तिळगुळाची पेटी

पौषांतली थंडी पडली, बाजारांत बोरें, ऊंस आणि ओला हरभरा दिसूं लागला, म्हणजे संक्रांत जवळ आली हें पंचांग न पाहतांहि समजतें. हल्लीं ही संक्रांत १४ किंवा १५ जानेवारीला येते. त्या दिवशीं तिळगूळ वाटण्याची चाल आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. आज मला बोलावयाचें आहे तें मात्र त्या सणाच्या एका नाजूक आणि अल्पायुषी वस्तूविषयीं, म्हणजे हलव्याच्या दागिन्यांविषयीं, आणि ते दागिने व तिळगूळ ज्यांतून द्यावयाचा त्या कागदी पेटीविषयीं. दोन्ही वस्तु घरीं करतां येतात. त्या कशा करावयाच्या तें मी सांगणार आहें. आणि शेवटीं, माझ्या हातून बरींच वर्षें राहून गेलेली एक गोष्टहि सांगणार आहें.

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला सासरची मंडळी नव्या सुनेला काळें लुगडें घेतात, आणि त्या काळ्या वस्त्रावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने घालून तिला चौरंगावर बसवितात. गळ्यांत तन्मणी आणि हार, कानांत कर्णफुलें, दंडांत बाजूबंद, हातांत पाटल्या-बांगड्या, कमरेस कंबरपट्टा, डोक्यावर मुकुट, असा सगळा साज हलव्याचा. जांवयासाठीं हार, गुच्छ आणि हलव्यानें मढविलेला नारळ असतो. घरांत तान्हें मूल असेल तर बोरन्हाणाच्या वेळीं त्याच्याहि वांट्यास लहानसा मुकुट आणि बासरी येते.

सोन्याचा दागिना पाहिला कीं तो किती तोळ्यांचा हें विचारण्याचा मोह भल्याभल्यांना आवरत नाहीं. हलव्याच्या दागिन्याचें वजन मात्र कोणी विचारीत नाहीं. मूठभर तीळ, किलोभर साखर आणि दोऱ्याचें एक रीळ, एवढाच त्याचा जमाखर्च. जिच्या अंगावर सोन्याचा मणीहि नाहीं, अशा मुलीलाहि त्या दिवशीं नखशिखांत नटतां येतें. आणि हा थाट टिकतो तरी किती ? रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवें चालतात. तोंवर तो टिकला तर पुष्कळ. पुढें मुंग्या तरी येतात किंवा मुलें तरी येतात. ज्याला भारी वजन नाहीं आणि दीर्घ आयुष्यहि नाहीं, त्या दागिन्याची किंमत ती कसली ? माझ्या मतें, तो करण्यासाठीं कोणी तरी जे तास बसलें, त्या तासांची.

आधीं हलव्याची कृति सांगतें. साखर बुडेल इतकें पाणी घालून ती उकळावी. त्यांत चमचाभर दूध टाकलें म्हणजे मळी वर येते. ती काढून टाकावी. बोटांत धरला असतां एक तार येते न येते, इतपत पाक झाला कीं उतरवावा. कल्हईच्या पसरट परातींत निवडलेले तीळ घेऊन परात अगदीं मंद आंचेवर ठेवावी. पूर्वीं कोळशाची शेगडी असे. गॅसवर करावयाचें तर परातीखालीं जाड तवा ठेवावा. तीळ कोमट झाले म्हणजे त्यांवर चहाचा एक चमचा पाक सोडावा आणि बोटांच्या टोकांनीं ते हलवीत राहावें. पाक सुकला आणि दाणे सुटे झाले, कीं दुसरा चमचा. घाई करून दोन चमचे एकदम घातले तर तिळांचा गोळा होतो. आंच वाढविली तर साखर पिवळी पडते. जोरानें चोळलें तर आलेला काटा मोडतो. प्रत्येक चमच्याबरोबर पाण्याचा अंश उडून जातो आणि साखरेचा एक पातळ थर दाण्यावर बसतो. पहिल्या दिवशीं तीळ नुसता पांढरा होतो. दोन-तीन दिवस रोज तास-दीड तास बसलें म्हणजे त्याच्या अंगावर काटा दिसूं लागतो. तिळाऐवजीं खसखस, साबुदाणा किंवा कलिंगडाच्या सोललेल्या बियाहि घेतां येतात; त्यामुळें लहानमोठे, गोल-लांबट असे निरनिराळ्या घाटाचे दाणे मिळतात. बोटें मात्र पोळतात. बोटांना फडकें गुंडाळावें, असें कोणी सुचवितात. पण मग पाक सुकला कीं नाहीं हें बोटांना कळत नाहीं.

आतां हा काटा कशासाठीं ? केवळ शोभेसाठीं, असें मीहि पुष्कळ दिवस समजत होतें. दागिने करावयास बसलें तेव्हां त्याचा खरा उपयोग कळला. हलव्याच्या दाण्यांतून सुई घालतां येत नाहीं. घातली तर दाणा फुटतो. म्हणून तो मण्यासारखा ओंवीत नाहींत, बांधतात. दोऱ्याचा लहान फांस करावयाचा, त्यांत दाणा धरावयाचा, फांस आवळून गांठ मारावयाची, आणि मग पुढचा दाणा. गुळगुळीत दाणा त्या फांसांतून निसटून जातो. कांटेरी दाण्याला दोरा धरून राहतो. प्रत्येक दाण्याची गांठ निराळी असल्यामुळें एखादा दाणा मुलानें ओढून खाल्ला तरी सबंध सर ओघळत नाहीं. अशा सरांचे हार होतात, तीनचार सर एकत्र बांधले कीं बांगडी किंवा बाजूबंद होतो. मुकुटासाठीं जाड पुठ्ठा कापून त्यावर पांढरें कापड मढवावें, आणि हे सर त्यावर टांक्यांनीं बसवावे. मधून मधून जर किंवा रंगीत टिकली लावली म्हणजे उठाव येतो. कोठें चिकटवावेंच लागलें तर मैद्याची घट्ट खळ अगदीं थोडी लावावी, कारण ओल लागली कीं साखर विरघळते. पुस्तकें बांधणारे लोक खळींत कीड लागूं नये म्हणून मोरचूद घालतात. तो विषारी असल्यामुळें येथें चुकूनहि घालूं नये.

इतक्या कष्टानें केलेला दागिना उघडा ठेवला तर दमट हवेनें तो ओलसर होतो. म्हणून पेटी हवी. संक्रांत येते तेव्हां गेल्या वर्षाची दिनदर्शिका नुकतीच भिंतीवरून उतरलेली असते. तिचीं पानें जाड असतात. त्यांतून दहा इंचांचा चौरस निघत असेल तर उत्तमच. तो कापून घ्या. नभोवाणीवरून चित्र दाखवितां येत नाहीं, तेव्हां हातांत कागद घेऊनच ऐका. चौरसाचे दोन्ही कर्ण दुमडून उलगडा, म्हणजे मध्यबिंदु सांपडेल. चारहि कोपरे त्या मध्यावर आणून दुमडा; लहान चौरस तयार होईल. आतां ह्या लहान चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कडा मध्यरेषेपर्यंत दुमडून उलगडा. उरलेल्या दोन कडांनाहि तसेंच करा. मग समोरासमोरचे दोन कोपरे पूर्ण उलगडा आणि दुसरे दोन तसेच राहूं द्या. न उलगडलेल्या बाजू उभ्या केल्या कीं पेटीच्या दोन भिंती होतात. उलगडलेलीं टोकें वर उचलून, त्यांच्या बाजूच्या घड्या आंत दाबून, तीं भिंतीवरून आंत उलटीं घातलीं, कीं उरलेल्या दोन भिंती होतात आणि चारहि टोकें तळाशीं मध्यावर येऊन मिळतात. खळ नको, टांका नको. सुमारें साडेतीन इंच लांबरुंद आणि पावणेदोन इंच उंच अशी ही पेटी होते. झांकणासाठीं पाव इंचानें मोठा, म्हणजे सव्वादहा इंचांचा चौरस घ्यावा आणि त्याच घड्या घालाव्या. जपानांत धान्य मोजण्याचें लांकडी चौकोनी माप असतें, त्यास 'मासु' म्हणतात. ह्या कागदी पेटीसहि तेंच नांव आहे. तिच्यांत तिळगुळाच्या वड्या किंवा बांगड्यांचा एक जोड सहज मावतो. हार आणि मुकुट ह्यांसाठीं मोठा कागद घेऊन ह्याच रीतीनें मोठी पेटी करावी.

कृति संपली. आतां ती राहून गेलेली गोष्ट.

माझी पहिली संक्रांत १९७१ सालीं झाली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका माझ्या अंगावरील दागिन्यांची तोंड भरून वाखाणणी करीत होत्या. त्या दिवशीं काढलेलें छायाचित्र आजहि माझ्याजवळ आहे. त्यांत सासूबाई आहेत, जावा आहेत, नणंदा आहेत, शेजारच्या चार सवाष्णी आहेत. दागिने जिनें केले ती बाई मात्र त्यांत नाहीं. ते माझ्या आतेसासूबाईंनीं केले होते. घरांतील सर्व मंडळी त्यांना आक्का म्हणत. बाविसाव्या वर्षीं विधवा होऊन त्या माहेरीं परत आल्या होत्या, आणि तेव्हांपासून घरांत आलेल्या प्रत्येक सुनेचे दागिने त्यांच्याच हातचे. त्या दिवशीं त्या माजघराच्या दारापर्यंत आल्या, पेटी थोरल्या जाऊबाईंच्या हातीं दिली आणि आंत गेल्या. कोणी त्यांना 'आंत जा' असें म्हटलें नाहीं. म्हणावें लागतच नव्हतें. मलाहि त्यांत कांहीं वावगें वाटलें नाहीं, हें मी आज कबूल करतें.

पुढें दर वर्षीं त्यांच्याजवळ बसून मी गांठी मारावयास शिकलें. माझी गांठ सैल झाली तर त्या कांहीं न बोलतां ती उसवीत आणि दोरा पुन्हां माझ्या हातीं देत. अशीं जवळजवळ तीस वर्षें गेलीं. पेटी दारापर्यंत येई, आणि आक्का आंत जात. मला दिसत होतें, आणि बोलण्याचें धैर्य मला होत नव्हतें.

२००० सालच्या जानेवारींत माझ्या सुनेची पहिली संक्रांत आली. आक्कांनीं तेव्हां ऐंशी ओलांडली होती. हात कांपत असल्यामुळें त्यांच्यानें गांठ मारवेना. म्हणून दागिने मीं केले, आणि त्या शेजारीं बसून सांगत राहिल्या. हळदीकुंकवाच्या दिवशीं मीं पेटी उचलली, माजघराच्या दारांत नेली आणि त्यांच्या हातीं दिली. म्हटलें, "आक्का, यंदां तुम्हींच घालावयाचे."

त्या मागें सरकल्या. "वेड लागलें का ग तुला ? पोरीचा पहिला सण. माझा हात नको."

बाहेर बायका बसल्या होत्या. त्यांतून कोणी उठून गेलें तर काय, हा विचार माझ्याहि मनांत आलाच होता. पुढें काय बोलावें तें सुचेना. तेवढ्यांत सून चौरंगावरून उठली, आंत आली, आणि आक्कांच्या पुढ्यांत जमिनीवर बसून तिनें मान खालीं केली. "आक्काआजी, पाय अवघडतील माझे," एवढेंच ती म्हणाली.

आक्कांनीं पेटीचें झांकण काढलें. मुकुट हातांत घेतला, आणि डोक्यावर ठेवण्यापूर्वीं तो खिडकीच्या उजेडाकडे धरून पाहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "डावीकडची ही गांठ सैल आहे." मीं ती गांठ आवळली. त्यांनीं मुकुट सुनेच्या डोक्यावर बसविला, आणि मग एकेक दागिना घालीत गेल्या. बाहेर बसलेल्यांपैकीं एक बाई खरोखरच उठून गेल्या. त्या पुन्हां आमच्याकडे हळदीकुंकवाला आल्या नाहींत. त्याचें मला वाईट वाटतें. पश्चात्ताप मात्र होत नाहीं. पश्चात्ताप होतो तो आधींच्या वर्षांचा.

विधवेच्या पुनर्विवाहास कायद्याची मान्यता मिळाली ती १८५६ सालीं. माजघराच्या उंबऱ्यापर्यंत मात्र कायदा पोंचत नाहीं. तेथें घरांतल्या माणसांनाच जावें लागतें. २०२२ सालच्या मे महिन्यांत कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ह्या गांवच्या ग्रामपंचायतीनें विधवांसंबंधींच्या अनिष्ट चाली बंद करण्याचा ठराव केला, आणि इतर गांवांनींहि तें उदाहरण घ्यावें असें राज्य सरकारनें त्याच महिन्यांत परिपत्रक काढून सुचविलें. ती बातमी मीं वाचली तेव्हां मला आक्कांचा तो मुकुट आठवला. एका गांवाला जें चारचौघांत ठरवितां आलें, तें एका घराला ठरवावयास आम्हांला तीस वर्षें लागलीं होतीं.

म्हणून श्रोतेहो, यंदां दागिने घरीं करा. सगळा साज जमला नाहीं तर बांगड्यांचा एक जोड करा. तोहि जमला नाहीं तर विकत आणा, त्यांत कमीपणा मुळींच नाहीं. दुकानांतला दागिनाहि कोणाच्या तरी बोटांनींच बांधलेला असतो. पण घरांत तो कोणी केला असेल, तर पेटीच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस त्या व्यक्तीचें नांव लिहा. आणि दागिने घालण्याची वेळ आली म्हणजे तें नांव मोठ्यानें वाचून तिला पुढें बोलवा.