पितळेची भेग



रायफलीची काडतुसे घरी पुन्हा भरणारे हौशी नेमबाज अमेरिकेत पुष्कळ आहेत. पितळी पुंगळी तोंडाशी चिरली, की एखाद्याला पहिला संशय दारूचा येऊ शकतो. आम्ही म्हणतो, आधी पितळ पाहा.

हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेली काडतुसे न झाडताच तडकत. दारू तर पेटलीही नव्हती! १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन यांनी हे कोडे उलगडले. थंड पितळ ओढून पुंगळी घडविली, की धातूत ताण दबून राहतो. घोड्यांच्या मुतातून सुटणारा अमोनिया दमट हवेत त्या ताणलेल्या पितळेला गाठतो, आणि भेग पडते.

उपाय विस्तवाचा. आपला तांबट ठोकता ठोकता भांडे मध्येच भट्टीत घालतो, त्याच जातीचा. वारंवार झाडून कडक झालेले पुंगळीचे तोंड तापवून मऊ करतात. बूड मात्र तापता कामा नये. ते मऊ पडून फुटले, तर जळता वायू थेट नेमबाजाच्या डोळ्यांवर येतो. आणि पुंगळ्या चकचकीत करण्याच्या हौसेपायी काहीजण अमोनियाचेच पॉलिश वापरतात, म्हणजे तबेला घरातच आणतात!