लेकीच्या सासरी जाण्याचा बेत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



येत्या रथसप्तमीनंतर आपण बसने समुद्र, वाळवंट आणि डोंगर पाहून यायचे म्हणतो आहोत. त्याचा बेत तुमच्यापुढे मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे.

कोणी विचारील, एवढ्या लांब द्वारकेलाच का? रुक्मिणी आपल्या वर्धेकाठच्या कौंडण्यपूरची. अमरावतीच्या अंबादेवीच्या देवळातून श्रीकृष्णाने तिला नेले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. तेव्हा द्वारका हे आपल्या लेकीचे सासर. माहेरची माणसे एकदा तरी जाऊन यायला नकोत का?

पहिला बेत माझ्या भाच्याने करून दिला. मुलगा हुशार. फोनवरच्या नकाशावर बोट फिरवून त्याने 10 दिवसांत सारे बसविले. पहिल्याच दिवशी अमरावती ते सुरत, सुमारे 550 किलोमीटर! म्हणाला, "मामी, रस्ता आता लोण्यासारखा आहे." ते खरेच आहे. आपल्याच अमरावती-अकोला मार्गावर 2022 च्या जूनमध्ये लोणी ते माना 75 किलोमीटर डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अखंड घातला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. हाच 53 क्रमांकाचा महामार्ग पुढे धुळ्यावरून सुरतेजवळ हजिऱ्यास समुद्रापाशी जाऊन संपतो. म्हणजे समुद्राचा रस्ता आपल्या दारावरूनच जातो.

पण तो कागद हातात घेतला आणि मला माझ्या जाऊबाई आठवल्या. काही वर्षांपूर्वी आम्ही पंधराजणी कोकणात निघालो होतो. जाऊबाईंनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता. पहाटेपासून दुपारपर्यंत त्यांनी पाण्याचा घोट घेतला नाही. का, म्हणून विचारले, तेव्हा हळूच म्हणाल्या, "पानी पेलं का मंग गाडी थांबवा म्हनाव लागते. पुरुषमानसाले कसं म्हनू?" दुपारी त्यांना भोवळ आली. नंतर ताप आला, लघवीचा त्रास झाला. स्पष्ट बोलते, राग मानू नका. तीन दिवस त्या दवाखान्यात होत्या आणि तिथूनच त्यांना घरी परत न्यावे लागले. समुद्र चार-पाच कोसांवर राहिला. पुढे जाणे झालेच नाही, आणि आता त्याही नाहीत.

म्हणून दुसरा बेत आम्ही पाचजणींनी बसून केला. नकाशा तोच, दिवस मात्र 10 चे 17 झाले. रोजची मजल शक्यतो 300 किलोमीटरच्या आत आणि दिवे लागण्यापूर्वी मुक्काम. जळगाव, सुरत, भावनगर करीत सोमनाथ. तिथे लाटांचा आवाज ऐकत बसायचे आणि जवळच आपल्या अहिल्याबाईंनी 1783 साली बांधलेले शिवमंदिरही पाहायचे. मग द्वारका, तिथे दोन रात्री. बेट द्वारकेस पूर्वी नावेनेच जावे लागे. 2024 पासून पूल झाला आहे.

पुढे भुज आणि कच्छचे रण. पावसाळ्यात तिथे पाणी साचते आणि ते आटले की पांढरे मीठ उरते, म्हणून थंडीतच जायचे. पांढऱ्या रणात जायला परवाना लागतो, तेव्हा प्रत्येकीने ओळखपत्र जवळ ठेवावे. तिथून अबूचा पहाड. गुरुशिखर 1722 मीटर उंच. आपला चिखलदरा त्यामानाने धाकटा. परतताना उदेपूर, इंदूर, बऱ्हाणपूर आणि धारणीवरून मेळघाटातून परतवाडा. हा शेवटचा टप्पा दिवसाउजेडीच करायचा. रथसप्तमीची तिथी धरली, कारण तोवर हळदीकुंकवे आटोपतात आणि मुलांच्या परीक्षांआधी आपण घरी येतो.

आता या बेतातले मुख्य कलम. कोणी मागो वा न मागो, दर दोन तासांनी बस थांबेल. थांब्याच्या जागा आधी फोन करून, स्वच्छतागृह आहे ना हे विचारूनच ठरवू. चालकाशी बोलणी करतानाच हे कलम घालायचे आहे. "मागेल तिच्यासाठी थांबू" असे म्हटले, की आपल्यातली एकही मागत नाही. थांबणे वेळापत्रकातच लिहिले, म्हणजे कोणाला लाजावे लागत नाही.

द्वारकेत रुक्मिणीचे देऊळ कृष्णाच्या देवळापासून दूर, गावाबाहेर आहे. त्याची कथा अशी सांगतात: दुर्वासऋषींचा रथ ओढताना रुक्मिणीला तहान लागली. कृष्णाने भूमीवर पाय दाबून गंगा आणली. ती ऋषींना न विचारता पाणी प्याली, म्हणून शाप मिळाला आणि पतीपासून वेगळे राहणे नशिबी आले. आजही त्या देवळात पाण्याचे दान करतात.

भगिनींनो, वाटेत तहान लागली आणि न विचारता पाणी प्याली, एवढाच आपल्या लेकीचा अपराध! आपण तिच्या दारी पाणी वाहू. पण तिथवर पोचेपर्यंत आपणही पोटभर पाणी पिऊ.

नावांची वही चिटणीसबाईंकडे ठेवली आहे. अकोल्याच्या भगिनींना आपण वाटेतच घेऊ. पैशाची अडचण असेल तिने मला एकटीला गाठावे, मार्ग काढू. माझे नाव पहिले आहे. दुसरे कोणाचे लिहू?