अंगातली चूल

गेल्या महिन्यात एक शिक्षिकाबाई माझ्याकडे आल्या. शेजारच्या गावी त्या चौथीचा वर्ग घेतात. खुर्चीवर टेकता टेकताच म्हणाल्या, "डॉक्टर, सकाळी नुसता चहा, दुपारी अर्धी भाकरी, आठवड्याला दोन उपास. तरी वजनाचा काटा हलत नाही. माझी आतली चूलच मंद आहे की काय? ती पेटवायचं काही औषध द्या." सोबत दहावीतली मुलगी होती. आईचं पाहून तिनंही महिनाभर डबा सोडलेला. खरं सांगतो, मला बाईंपेक्षा त्या पोरीची काळजी वाटली.

चूल हा शब्द मात्र बाईंनी नेमका वापरला. खाल्लेल्या अन्नातून शरीर काही बांधते, काही साठवते, काही जाळते. या सगळ्या उलाढालीला चयापचय म्हणतात. तुम्ही गाढ झोपलात तरी ही चूल विझत नाही. हृदय चालू, मेंदू चालू, यकृत आणि मूत्रपिंडे चालू. बैठ्या माणसाच्या दिवसाच्या खर्चापैकी ६० ते ७० टक्के या मुक्या कामालाच लागतात. अन्न पचवायला साधारण १० टक्के. उरला तो हालचालीचा खर्च, आणि आपल्या हाती मुख्यतः तोच आहे.

"आता वय झालं, चूल मंदावली," असे आपण सहज म्हणतो. पण २९ देशांतल्या सहा हजारांवर माणसांची मोजमापे २०२१ साली प्रसिद्ध झाली. शरीराच्या मानाने पाहिले तर विशीपासून साठीपर्यंत हा खर्च जवळजवळ तेवढाच राहतो, असे त्यांत दिसले. तेव्हा चाळिशीत पोट सुटले तर चुलीला बोल लावता येत नाही. थायरॉईड ग्रंथी मंदावली असेल तर गोष्ट वेगळी. ते रक्त तपासून कळते. बाईंचे तपासले, ठीक निघाले.

मग उपाशी राहून काय होते? अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये एक प्रयोग केला. युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले ३६ तरुण आपण होऊन त्यात आले. सहा महिने त्यांना जवळजवळ अर्धपोटी ठेवले. वजन चौथाईने उतरले, हे खरे. पण स्वस्थ पडल्यापडल्या होणारा खर्चही सुमारे ४० टक्क्यांनी घसरला. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे, नाडी संथ झाली, जिना चढवेना, आणि मनात रात्रंदिवस जेवण. सरपण आटले की घरची बाईसुद्धा जाळ कमी करतेच की! पुढे पोटभर खायला मिळाल्यावर आधी भरून आली ती चरबी.

राहिले औषध. डायनायट्रोफेनॉल नावाचे एक रसायन खरोखरच ही चूल भडकवते. १९३३ नंतर अमेरिकेत वजन उतरवायला लोकांनी ते हजारोंनी घेतले. कोणी अंगातल्या उष्णतेने होरपळून मेले, कोणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू आले. १९३८ मध्ये तिथे त्याला बंदी झाली. आजही ते चोरून विकले जाते आणि माणसे दगावतात. बाजारातल्या इतर पुड्या आणि काढे इतके जहरी नसतील, पण त्यांनी चरबी वितळते म्हणणे म्हणजे निव्वळ थाप.

व्यायामाने स्नायू वाढवा, चूल वाढेल, असेही सांगतात. खरे आहे, पण हिशेब ऐका: एक किलो स्नायू नुसता बसून दिवसाला फार तर १३ कॅलरी जाळतो, म्हणजे दोन-तीन शेंगदाणे! त्याचा खरा उपयोग तो राबतो तेव्हा. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसत, विहिरीचे पाणी शेंदत, पाटा-वरवंटा चालवत. आता गिरणी आहे, नळ आहे, मिक्सर आहे. तो जाच पुन्हा यावा असे मी म्हणणार नाही. पण त्यासोबत गेलेली हालचाल कुठून तरी भरून काढावी लागते.

बाईंना विचारले, "उपासाला काय खाता?" "साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू." एकादशी आणि दुप्पट खाशी, दुसरे काय! शाळेला जातात मोटारसायकलवर मागे बसून, आणि उपाशीपोटी थकून संध्याकाळी आडव्या होतात.

मी एवढेच सांगितले: सकाळी भाकरीबरोबर मटकीची उसळ नाहीतर अंडे खा. डाळी-कडधान्यांनी पोट बराच वेळ भरलेले राहते, आणि प्रथिने पचवायला शरीराला खर्चही अधिक येतो. रात्रीचा भात आणि दिवसाच्या चहातली साखर निम्मी करा. येताना शाळेपासून घरापर्यंत चाला. आणि मुलीसमोर वजनाचा विषय काढू नका. तिची हाडे अजून भरायची आहेत, तिला पोटभर जेवू द्या.

परवा दोघी भेटल्या. बाईंचे वजन सव्वा किलोने उतरले आहे. मुलीच्या दप्तरात डबा होता, आणि आई म्हणाली, हल्ली तो रिकामा परत येतो.